सेफ्टी व्हायचंय? आधी जागा विचारून घ्या

ही मार्गदर्शिका अमेरिकन फुटबॉलमध्ये सेफ्टी म्हणून नाव काढू पाहणाऱ्या होतकरूंसाठी आहे. अटी फार नाहीत. वजन नव्वद-पंचाण्णव किलो, चाळीस यार्ड साडेचार सेकंदांत कापणारे पाय आणि शंभर किलोचा गडी समोरून सुसाट येताना दिसला की बाजूला न होता त्याच्याकडेच धाव घेण्याची हौस, एवढं असलं की अर्ज करायला हरकत नाही. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी रविवारी रात्री साडेदहाला टीव्हीसमोर बसावं. एनएफएलचे दुपारचे सामने आपल्याकडे तेव्हाच सुरू होतात (नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागं गेली की साडेअकराला), आणि बसून सल्ले द्यायला वजनाची अट नाही.

साहित्य: हेल्मेट, खांद्यांचे पॅड, दातांचं कवच आणि एक डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाच्या चाली ठरवणारा प्रशिक्षक. पहिल्या तीन वस्तू दुकानात मिळतात. चौथी निवडता येत नाही. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जो संघ तुमचं नाव पुकारेल त्याच्याकडे असेल ती वापरावी लागते. पुढची बहुतेक विघ्नं याच वस्तूपासून उद्भवतात.

पायरी पहिली: मागं उभे राहा

बचाव करणारे अकरा जण. त्यातले चार-पाच थेट धक्काबुक्कीच्या रांगेत, त्यांच्या मागं लाइनबॅकर, दोन्ही कडांना कॉर्नरबॅक आणि सर्वांत मागं, सहसा, दोन सेफ्टी. मैदानाची रुंदी ५३ यार्डांहून थोडी जास्त. दोघंही मागं थांबले, म्हणजे ‘कव्हर टू’ असलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी रुंदी येते. ‘कव्हर थ्री’ म्हटलं की दोन कॉर्नरबॅक कडांचे लांबचे पट्टे सांभाळतात आणि मधोमध एकटा सेफ्टी उरतो. कागदावर त्याला एक तृतीयांश जागा मिळते. प्रत्यक्षात जिथं चेंडू पडेल तिथं तो का पोचला नाही, असं सगळे विचारतात.

आता सराव करू. तुम्ही रेषेपासून बारा यार्ड मागं आहात. स्नॅप होतो, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात जाऊन चाल सुरू होते. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी नेतो, त्यांचे धिप्पाड गडी पुढं झेपावतात, तुमचे डोळे सांगतात की हा माणूस चेंडू घेऊन धावणार, आणि तुम्ही दोन पावलं पुढं येता. दोनच. तेवढ्यात कळतं की चेंडू क्वार्टरबॅकच्याच हातात आहे, आणि परक्या जर्सीतलं कुणीतरी तुमच्या खांद्याजवळून मागं निघून जातं. त्या दोन पावलांची किंमत सहा गुण, वर किक मारून सातवा. कॉर्नरबॅक चुकला तर त्याच्या मागं तुम्ही असता. तुम्ही चुकलात तर मागं फक्त रंगवलेलं गवत असतं.

या जागेचा पाठ गिरवायचा तर बाल्टिमोर रेव्हन्सचा एड रीड बघा. हा गृहस्थ मुद्दाम चुकीच्या ठिकाणी उभा राहायचा. क्वार्टरबॅकला वाटायचं, पलीकडचा रिसीव्हर मोकळा आहे. चेंडू हवेत गेला की रीड तिथं हजर. कारकिर्दीत ६४ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यानं फेकलेला चेंडू ६४ वेळा पकडला. नोव्हेंबर २००८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध त्यानं चेंडू पकडला तो आपल्याच एंड झोनमध्ये, आणि १०७ यार्ड पळून पलीकडच्या टोकाला नेला. तो विक्रम आहे. आधीचा विक्रम १०६ यार्डांचा होता आणि तोही त्याचाच. नवशिक्यांनी हे घरी करून पाहू नये. मुद्दाम चुकीच्या जागी उभं राहायला आधी बरोबर जागा कुठली ते पक्कं ठाऊक असावं लागतं.

पायरी दुसरी: पुढं या

काही माणसांना मागं ठेवणं म्हणजे त्यांचा अपव्यय. त्यांना ‘बॉक्स’मध्ये, म्हणजे लाइनबॅकरांच्या गर्दीत आणतात. तिथलं काम वेगळं: धावणाऱ्याला आडवं करायचं, टाइट एंडला अडवायचं, मधूनच ब्लिट्झ करून क्वार्टरबॅकवर तुटून पडायचं. मागच्या सेफ्टीला विचार करायला दोन सेकंद मिळतात. पुढच्याला विचाराची सोय नाही.

सिअ‍ॅटल सीहॉक्सनी या दोन पायऱ्या दोन वेगळ्या माणसांना वाटून दिल्या होत्या. मागं अर्ल थॉमस, पाच फूट दहा इंचांचा, सबंध मैदान एकट्यानं झाकणारा. पुढं कॅम चॅन्सेलर, सहा फूट तीन इंच, शंभर किलोंच्या वरचा. ज्याला जे येतं तेच त्याला करायला सांगितलं. फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये त्यांच्यासमोर डेन्व्हर होता, त्या हंगामात ६०६ गुणांचा विक्रम केलेला संघ. निकाल ४३-८. यात कुणाच्याही अष्टपैलुत्वाचा प्रश्न आला नाही, ही गोष्ट होतकरूंनी ध्यानात ठेवावी.

पायरी तिसरी: अष्टपैलू होऊ नका, झालातच तर कुणाला कळू देऊ नका

लग्नघरात एक चुलतभाऊ असतो. त्याला सगळं येतं. म्हणून हार आणायला तो, बँडवाल्याशी हुज्जत घालायला तो, गॅस संपला तरी तोच. आणि फोटोत तो नसतो. ड्राफ्टच्या आधी स्काउट तुम्हाला ‘व्हर्सटाइल’ म्हणाला की समजावं, आपण आता तो चुलतभाऊ.

मिन्का फिट्झपॅट्रिकचं असंच झालं. अलाबामा विद्यापीठात प्रशिक्षक निक सेबनच्या हाताखाली तो तयार झाला. तिथं स्लॉटमध्ये (कडेचा रिसीव्हर आणि मधली रांग यांच्या मधल्या जागेत), मागं, पुढं, सगळीकडे खेळला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये मायामी डॉल्फिन्सनी त्याला अकरावा उचलला. पुढच्या वर्षी ब्रायन फ्लोरेस मुख्य प्रशिक्षक म्हणून न्यू इंग्लंडहून आले, आणि तिथली रीत अशी की बचावातल्या प्रत्येकानं प्रत्येक जागा शिकावी. रीत वाईट नाही, तिथं तिच्यावर अजिंक्यपदं आली होती. पण फिट्झपॅट्रिकला आज कॉर्नर, उद्या स्लॉट, परवा थेट बॉक्स असं फिरवायला लागल्यावर त्याच्या आईनंच ट्विटरवर लिहिलं की ही जागा माझ्या मुलाची नाही. पत्रकार मुलाकडे धावले. त्यानंही आईचं म्हणणं खोडून काढलं नाही. (आई बोलली आणि मुलानं मान हलवली, यात आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटायचं कारण नाही. तिकडे मात्र ती बातमी झाली.)

मायामीनं पहिला सामना ५९-१० असा गमावला, दुसरा ४३-०. दुसऱ्याच दिवशी, १६ सप्टेंबर २०१९ ला, फिट्झपॅट्रिक पिट्सबर्ग स्टीलर्सकडे गेला. स्टीलर्सनी त्याच्यासाठी पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा हक्क देऊन टाकला. तेही स्वतः दोन्ही सामने हरलेले असताना, आणि आपला क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गर कोपराच्या दुखापतीनं वर्षभर बाहेर गेल्याचं जाहीर केलं त्याच दिवशी. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं.

स्टीलर्सनी काय केलं? नवीन काही शिकवलं नाही. आठवड्यात शिकवणार तरी काय. त्याला मागं, मधोमध उभं केलं आणि तिथंच राहू दिलं. पहिल्याच सामन्यात एक इंटरसेप्शन. नोव्हेंबरात इंडियानापोलिसविरुद्ध ९६ यार्डांची परतधाव घेऊन टचडाउन. हंगामाअखेर पाच इंटरसेप्शन आणि ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघात नाव. माणूस तोच, पाय तेच, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये चार महिन्यांचं अंतर. बदललं ते उभं राहायचं ठिकाण.

पायरी चौथी: तिसरी पायरी उलटी करून बघा

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग मागंच ठेवा सगळ्यांना, मिटलं. जमाल अ‍ॅडम्सला विचारा. २०२० मध्ये सिअ‍ॅटलनं त्याच्यासाठी न्यू यॉर्क जेट्सना पहिल्या फेरीचे दोन हक्क दिले, वर आणखी काही. अ‍ॅडम्सचं खरं कसब पुढं, क्वार्टरबॅकवर तुटून पडण्यात. त्या वर्षी त्याला मोकळं सोडलं आणि त्यानं बाराच सामन्यांत साडेनऊ सॅक केले. (सॅक म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलेला क्वार्टरबॅक, अर्धा सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडलेला. हिशेब चोख.) बचावफळीच्या मागच्या भागातल्या खेळाडूनं एका हंगामात इतके सॅक कधीच केले नव्हते.

त्याला चार वर्षांचा, सात कोटी डॉलरचा करार मिळाला. करारानंतरच्या हंगामात सिअ‍ॅटलनं त्याला पुष्कळदा मागं ठेवलं, ब्लिट्झ कमी केले. सॅक किती? शून्य. त्यावर टीका सुरू झाली की पैसे मिळाल्यावर पोरगा सुस्तावला. मला हा आरोप तेव्हाही पटला नव्हता. जो माणूस क्वार्टरबॅककडे पाठवलाच जात नाही त्यानं क्वार्टरबॅकला पाडायचं कसं? पुढं दुखापतींनी गाठलं हे खरं. २०२२ च्या पहिल्याच सामन्यात मांडीचा स्नायूबंध तुटला, आणि २०२४ मध्ये सिअ‍ॅटलनं त्याला मोकळं केलं. गंमत पुढं आहे. २०२५ मध्ये लास व्हेगास रेडर्सनी त्याला घेतलं ते लाइनबॅकर म्हणून. प्रशिक्षक तेव्हा तिथं सिअ‍ॅटलमधलेच जुने, पीट कॅरोल.

पायरी पाचवी: वय झालं की सरका

ही पायरी सोपी आहे. कॉर्नरबॅकचे पाय जरा जड झाले की त्याला सेफ्टी करतात. रॉनी लॉट, रॉड वुडसन, चार्ल्स वुडसन, तिघंही असे सरकले आणि तिघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

पायरी सहावी: अपवाद व्हा

एवढं बजावूनही तुम्हाला सगळीकडे खेळायचंच असेल, तर मालक नीट बघा. ट्रॉय पोलामालूला पिट्सबर्गमध्ये डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून डिक लबो लाभले. तुला चाल वाचता येते ना, मग जा, अशी त्यांची मोकळीक. तो स्नॅपच्या आधी पुढच्या रांगेत दिसायचा आणि चेंडू हलला की वीस यार्ड मागं. २०१० मध्ये टेनेसीविरुद्ध तर स्नॅपचा नेम साधून त्यानं रांगेवरून सरळ उडी मारली आणि क्वार्टरबॅकच्या अंगावरच उतरला. हे अष्टपैलुत्व त्याचं स्वतःचं होतं. कुठं जायचं ते तोच ठरवायचा. फिट्झपॅट्रिकच्या बाबतीत मायामीत ते प्रशिक्षकांनी ठरवलेलं होतं. दोन्हींना शब्द एकच वापरतात, म्हणून होतकरू फसतात.

आजचं उदाहरण रेव्हन्सचा काइल हॅमिल्टन. सहा फूट चार इंच. २०२३ मध्ये त्याला स्लॉटमध्ये, बॉक्समध्ये, जमेल तिथं वापरलं. एकाच सामन्यात तीन सॅक, आणि ऑल-प्रो. २०२४ मध्ये मागची बाजू गळायला लागली. मग हंगामाच्या मध्यावर त्याला मागं नेलं आणि संघाचा पास-बचाव सावरला. २०२५ च्या ऑक्टोबरात मागं उभं राहायला अ‍ॅलोही गिलमन नावाचा वेगळा सेफ्टी आणला, तेव्हा हॅमिल्टन पुन्हा पुढं. म्हणजे एका अष्टपैलू माणसाचं कसब पुरतं वापरायला दुसरा एक एकमार्गी माणूस लागतो. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हे सापडत नाही.

पायरी सातवी: आकडे आणि नातेवाईक

सेफ्टीचे आकडे वाचताना उलटा चष्मा लावा. २०२१ मध्ये फिट्झपॅट्रिकचे टॅकल शंभराच्या वर गेले. कौतुक करण्याआधी हे बघा की त्या वर्षी धावणाऱ्यांना अडवण्यात स्टीलर्स साऱ्या लीगमध्ये तळाला होते. पुढचे गडी निसटू देत होते, म्हणून मागच्याला रोज पाडापाडी करावी लागत होती. पुढची फळी भक्कम असती तर त्याचे आकडे पडले असते आणि संघ बरा दिसला असता. इंटरसेप्शनचंही तेच. मधला सेफ्टी फार चांगला आहे असं एकदा कळलं की क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला फेकतच नाहीत. रकाना रिकामा राहतो आणि कराराच्या वेळी संघाचा कारकून तोच रिकामा रकाना तुमच्यासमोर धरतो.

टीव्हीवर तर बोलायलाच नको. नेहमीच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत स्नॅपच्या वेळी चेंडूभोवतीची गर्दी मावते. मागचे सेफ्टी चौकटीबाहेर असतात. ते दिसतात चेंडू लांब गेला तर, आणि चेंडू लांब गेला म्हणजे बहुधा काहीतरी बिघडलेलं असतं. बावीसच्या बावीस खेळाडू दाखवणारं चित्रण वेगळं असतं, ते प्रशिक्षक बघतात.

तेव्हा तुम्ही सुपर बोलपर्यंत पोचलात, तर न्यू जर्सीतल्या मावशींना आणि सोमवारी पहाटे पाचला गजर लावून उठणाऱ्या पुण्यातल्या काकांना आधीच फोन करून ठेवा. म्हणावं, सामनाभर मी दिसलो नाही तर काळजी करू नका. आणि दिसलो, त्यात पाठमोरा पळताना दिसलो, तर त्या दिवशी फोन करू नका.