वैकल्पिक विषय

दहावीला नव्वद टक्के मिळवूनही मुलीने आर्ट्स घेतलं, की नातेवाईक सांत्वनाला येतात. त्यातून बी.ए.ला तत्त्वज्ञान म्हटलं की आवाज आणखी खाली जातो. "मग पुढे काय, बी.एड.?"

तिचा चुलतभाऊ मेकॅनिकल इंजिनिअर. पेढे कधीच वाटून झाले. सध्या तो सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत, खुर्चीला डब्याची पिशवी अडकवून, शंकराचार्यांचा मायावाद पिवळ्या हायलायटरने रंगवतोय. यूपीएससीला त्याचा वैकल्पिक विषय तत्त्वज्ञान: दोन पेपर, ५०० गुण. (शेजारच्या खुर्चीवर मराठी साहित्य घेतलेले डॉक्टर.) त्याला 'पुढे काय' कुणी विचारत नाही. पुढे लाल दिव्याची गाडी आहे. दिवा २०१७ सालीच गेला, पण काकूंना कोण सांगणार!

दामोदर कोसंबी गणिताचे प्राध्यापक. १९५६ साली त्यांचं भारतीय इतिहासावरचं पुस्तक आलं, तेव्हा ते विद्वान ठरले. थेट इतिहासच शिकले असते, तर लोक मार्क कमी पडले म्हणाले असते.

परवा बहिणीने त्या चुलतभावाला अद्वैत नीट उलगडून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"छान. पण दहा मार्कांना येतं की वीस?"