अतिदक्षता विभागाबाहेरचे समीक्षक

बहुपात्री चित्रपट, म्हणजे ज्यात कथेचा भार एकट्या नायकाच्या खांद्यावर न टाकता दहा-वीस पात्रांत थोडा थोडा वाटून दिलेला असतो असा चित्रपट, हा प्रकार मराठी प्रेक्षकाला मुळीच परका नाही, कारण लग्न, बारसे, बारावे आणि सोसायटीची वार्षिक सभा हे सारे सोहळे तो याच पद्धतीने पाहत आणि सोसत आलेला आहे. तथापि अशा चित्रपटाबद्दल दोन प्रेक्षकांचे एकमत झाल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे. आणि चित्रपट हसवता हसवता रडवणारा असेल, तर एकाच रांगेत बसून, एकाच पुड्यातले पॉपकॉर्न खाऊन बाहेर पडलेल्या माणसांनी निरनिराळे चित्रपट पाहिले की काय, अशी शंका येते. या मतभेदांचे मूळ शोधायचे तर राजेश मापुसकर दिग्दर्शित ‘व्हेंटिलेटर’इतके सोयीचे उदाहरण मराठीत सहसा सापडणार नाही.

प्रियांका चोप्रा यांच्या निर्मितीसंस्थेचा हा चित्रपट ४ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यात शंभराहून अधिक पात्रे असून कथासूत्र मात्र एका ओळीचे आहे: कामेरकर कुटुंबातले सर्वांत ज्येष्ठ गजूकाका गणपती काही दिवसांवर आले असताना बेशुद्ध होतात, त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवले जाते आणि मुंबईतले व गावाकडचे सारे गणगोत रुग्णालयात गोळा होते. व्हेंटिलेटर म्हणजे स्वतः श्वास घेऊ न शकणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसांत नळीवाटे हवा ढकलणारे यंत्र. या चित्रपटात मात्र ते रुग्णाइतकेच त्याच्या नातलगांच्या बेतांनाही जिवंत ठेवते, कारण आड येते ते सुतक. भावकीतील मृत्यूनंतर घराला लागणारे, बहुधा दहा दिवसांचे अशौच म्हणजे सुतक. या काळात देवपूजा आणि मंगलकार्य वर्ज्य असल्यामुळे चतुर्थीच्या तोंडावर घरातले वडीलधारे माणूस गेले, तर मखर, आरतीच्या झांजा, मोदकांची पिठी आणि कोकण रेल्वेची, तेव्हाच्या नियमाप्रमाणे चार-चार महिने आधी काढलेली तिकिटे, एवढे सगळे एका माणसाच्या श्वासाला टांगलेले राहते. काका वाचावेत ही इच्छा आणि काका निदान विसर्जनापर्यंत तरी वाचावेत ही इच्छा, या दोहोंमध्ये जेवढे अंतर आहे तेवढ्याच जागेत हा सारा चित्रपट घडतो, आणि ती जागा चांगलीच ऐसपैस निघते.

संस्कृत साहित्यशास्त्राने हास्य आणि करुण या रसांना परस्परविरोधी ठरवले असून, चौदाव्या शतकातील विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’तही या वैराची नोंद आहे; एका घरात न पटणाऱ्या जावांप्रमाणे या दोघांच्या चुली वेगळ्या असाव्यात, असा एकूण रोख दिसतो. शास्त्रकारांना रुग्णालयाच्या कॅन्टीनचा अनुभव नसावा. मराठी रंगभूमीला मात्र मयताच्या घरी हसण्याची सवय सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ने १९७४ सालीच लावली होती, त्यात तर मेलेला गृहस्थ स्वतःच कीर्तनाला उभा राहतो. तेच आळेकर ‘व्हेंटिलेटर’मध्ये आप्तमंडळींत वावरताना दिसतात, तेव्हा एखाद्या गुन्ह्याच्या जागी जुना माहीतगार उभा दिसावा तसे वाटते.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार दिले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. यांपैकी पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या, मधले दोन मध्यम प्रकृतीच्या आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या माणसांचे मानले आहेत. स्मितात दात दिसत नाहीत. अपहसित म्हणजे भलत्याच ठिकाणी आलेले, डोळ्यांत पाणी आणणारे, खांदे आणि डोके हलवणारे हसू. ही व्याख्या वाचल्यावर ‘व्हेंटिलेटर’च्या खेळाला बसलेल्या कोणाही प्रेक्षकाची आठवण यावी, कारण आत माणूस नळ्यांनी वेढलेला पडला आहे आणि बाहेर मखराची चिंता चालू आहे, अशा वेळी येणारे हसू भलत्याच ठिकाणचे असते आणि डोळ्यांतल्या पाण्याचे कारण विचारले असता कोणालाही नीट सांगता येत नाही. शास्त्राचा आधार घ्यायचा तर निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतले अधिकारी आणि भजनी मंडळाच्या अध्यक्षा असे सभ्य लोक सुमारे दोन तासांसाठी सामुदायिकरीत्या अधम कोटीत गेले, असे म्हणावे लागते. मतभेदांचा पहिला धागा येथेच सापडतो. ज्यांना आपल्या हसण्याची नंतर लाज वाटली त्यांनी चित्रपटाला उथळ म्हटले, ज्यांना रडण्याची लाज वाटली त्यांनी उत्तरार्ध ताणल्याची तक्रार केली, आणि ज्यांना कशाचीच लाज वाटली नाही त्यांनी दुसऱ्या दिवशी सासूबाईंसाठी तिकिटे काढली.

याहून महत्त्वाचे कारण मात्र वेगळे आहे, आणि त्यासाठी भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या सिद्धान्ताकडे वळणे भाग आहे. रंगमंचावरचा शोक हा कोणा एका रामाचा किंवा सीतेचा न राहता व्यक्ती, स्थळ, काळ यांची बंधने गळून सर्वांचा होतो, म्हणून प्रेक्षक त्याचा आस्वाद घेऊ शकतो, असे हा सिद्धान्त थोडक्यात सांगतो. मराठी प्रेक्षक बहुपात्री चित्रपटासमोर बसला की बरोबर उलटी क्रिया करतो. पडद्यावर पात्र आल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात तो शेजारच्याच्या कानाशी वाकतो आणि म्हणतो, “हा अगदी आपला डोंबिवलीचा भाई!” या क्रियेला नातलगीकरण म्हणता येईल. तिच्यात सर्वांचे दुःख एकदम डोंबिवलीच्या भाईचे होते, आणि मग पात्राविषयीचे मत नटाच्या कामावरून न ठरता, भाईने १९९४ साली गावच्या घराच्या वाटणीत कोणती भूमिका घेतली होती, त्यावरून ठरते. अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने सांगताना प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे हेही एक विघ्न म्हणून नोंदवले आहे. वाटणीचा उल्लेख त्याने केला नाही, परंतु तो गृहीत धरायला हरकत नसावी.

चित्रपट प्रदर्शित झाला ती वेळही या क्रियेला पोषक होती. २०१६ सालची भाऊबीज १ नोव्हेंबरला होती, म्हणजे सारे आप्त एकमेकांच्या घरी फराळ करून, एकमेकांच्या चकल्या मऊ पडल्याचे मनात नोंदवून तीनच दिवस झाले होते. पडद्यावर चेहरा दिसायचा अवकाश, त्याला जोडायला माणूस तयारच होता. पुढे चारच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि तरीही ज्यांनी सुट्टे पैसे जमवून, अथवा मुलाच्या कार्डावर तिकिटे काढून हा चित्रपट पाहिला, त्यांचे मत अधिक अनुकूल पडले असण्याची शक्यता आहे, कारण एवढ्या खटपटीनंतर चित्रपट वाईट निघणे कोणालाच परवडत नाही.

नातलगीकरणाचा एक नियम अपवाद नसलेला आहे: ओळख नेहमी दुसऱ्याची पटते. “ही अगदी माझ्यासारखी” असे वाक्य कोणत्याही चित्रपटगृहात ऐकू येत नाही. रुग्णालयात येऊन केवळ सल्ले देणाऱ्या नातलगांवर मोठ्याने हसणारे गृहस्थ मध्यंतरात समोशाच्या रांगेत उभे राहून पुढच्या अनोळखी माणसाला गुडघेदुखीवर कोणते तेल चोळावे हे सांगतात आणि परत येऊन पुन्हा हसू लागतात, यात त्यांना कसलीही विसंगती जाणवत नाही. ज्याची ओळख पटली ते माणूस त्याच रांगेच्या टोकाला बसलेले असेल तर कुजबूज होते, अंधारात तीन-चार मोबाईलचे पडदे उजळतात आणि रांगेच्या मधोमध बसलेल्या सुनेच्या चेहऱ्यावर भरताने वर्णिलेले स्मित, म्हणजे दात न दिसणारे, उमटते.

सर्वांत तीव्र मतभेद बापलेकांच्या प्रसंगांवर होतात. जितेंद्र जोशी यांचा प्रसन्न हा वडिलांशी बिनसलेला मुलगा आहे, आणि कितीही माणसे गोळा झाली तरी चित्रपटाचा जीव या अबोल्यात आहे. येथेही तो नियम मोडत नाही, कारण मुलाला पडद्यावर आपला बाप दिसतो आणि बापाला आपला मुलगा दिसतो. दोघेही शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि दोघांचेही डोळे पुसून झालेले असतात, पण बाहेर आल्यावर एक म्हणतो की वडिलांची बाजू नीट मांडली नाही आणि दुसरा म्हणतो की मुलावर अन्याय झाला. हा वाद चित्रपटाविषयीचा आहे असे मानण्यात दोघांचीही सोय असते. घरातल्या बाईने “तुम्ही दोघं एकमेकांशी का बोलत नाही?” असे अनेक वर्षांत जे विचारून पाहिले, त्याचे उत्तर वाहनतळावर दिग्दर्शकाच्या नावाने दिले जाते.

पात्रे फार झाली, ही तक्रारही तपासून पाहण्यासारखी आहे. ती करणारे बहुतेक पुरुष असतात. पूर्वार्धात “ही कोण? त्याची मावशी की आत्या?” असे जे प्रश्न अंधारातून ऐकू येतात ते त्यांचे, आणि दोन शब्दांत अचूक उत्तर देणारा आवाज साठी उलटलेल्या स्त्रीचा असतो. हयातभर मानपानाच्या याद्या केलेल्या, कोणाला साडी आणि कोणाला नुसता खण हे न चुकता सांगणाऱ्या या स्त्रीला शंभर पात्रे म्हणजे घरगुती साखरपुडा वाटतो. तिची तक्रार एवढीच असते की इतकी माणसे जमली आणि त्यांच्या जेवणाखाण्याचे कोण बघत होते, ते नीट दाखवले नाही.

चित्रपट लांबल्याचे मत काही महिने बरेच प्रतिष्ठित होते. एप्रिल २०१७ मध्ये चौसष्टावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, त्यांत मापुसकरांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा, आणि रामेश्वर भगत यांना याच चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट संकलनाचा पुरस्कार मिळाला. संकलन म्हणजे चित्रित केलेल्या दृश्यांपैकी कोणती ठेवायची, किती ठेवायची आणि कोठे कापायची हे ठरवण्याची कला. कापायला हवे होते असे म्हणणाऱ्यांची त्यामुळे मोठीच पंचाईत झाली. त्यांतल्या काहींनी मत बदलले, आणि काहींनी, आणखी किती लांब असता ते त्या माणसाने वाचवले म्हणूनच पुरस्कार मिळाला, असा तोडगा काढला, जो तर्कदृष्ट्या निर्दोष आहे.

पुढे ‘झिम्मा’ आणि ‘बाईपण भारी देवा’ या चित्रपटांना बायका गटागटाने गेल्या आणि नवऱ्यांना घरी ठेवून मतभेदाचा प्रश्नच त्यांनी मिटवला. ‘व्हेंटिलेटर’ मात्र कुटुंबासह पाहण्याचा म्हणून ओळखला गेला आणि त्याची किंमत कुटुंबांनी मोजली. २०२० साली करोनाची साथ आली आणि त्याच्या नावाचाच अर्थ बदलला. ज्या शब्दावर चार वर्षांपूर्वी हसता आले, तो शब्द फोनवर रात्री-अपरात्री, खाटेच्या शोधात उच्चारला जाऊ लागला. त्यानंतर दूरचित्रवाणीवर हा चित्रपट लागला की काही घरांत वाहिनी बदलली जाते आणि काही घरांत तो शेवटपर्यंत, जेवण थांबवून पाहिला जातो. त्या घरांतली मते गोळा करायला कोणी जाऊ नये.

एरवी या मतांचे खरे स्थान चित्रपटगृहाबाहेर, मोटारीच्या दारापाशी आहे, आणि तेथे उभे राहून पाहिले असता चित्रपट संपलाच नसल्याचे लक्षात येते. अतिदक्षता विभागाबाहेर जो क्रम असतो तोच येथेही असतो. जो सर्वांत उशिरा पोहोचला, त्याचे मत सर्वांत ठाम असते. ज्याने पैसे भरले, तो गप्प असतो. ज्याला मध्ये डुलकी लागली, तो शेवटाबद्दल बोलतो. कोणीतरी पुण्याच्या एका मोठ्या माणसाचा दुसरा अभिप्राय आणतो. आणि ज्याच्यासाठी हे सारे जमले, त्याला विचारायचे राहून जाते. ठाण्याहून कळव्याला निघालेल्या सात आसनांच्या गाडीत बसलेली नऊ माणसे डोळ्यांसमोर आणावीत. मागच्या आसनावर, आशुतोष गोवारीकरांनी रंगवलेला कामेरकरांचा राजा संयत होता की नुसताच गंभीर होता, यावर दोन जावयांची जुंपलेली असते. मधल्या रांगेत आत्या शेवटाविषयी नाराज असते आणि तिची वहिनी आत्याविषयी. आणि पुढे, चालकाशेजारी, मांडीवर मफलरची घडी धरून, ज्यांना बरे वाटावे म्हणून ही तिकिटे काढली होती ते ब्याऐंशी वर्षांचे आजोबा खाडीपुलाकडे पाहत असतात. कोणाला तरी उशिरा आठवण होते आणि प्रश्न येतो, “अण्णा, तुम्हाला कसा वाटला?”

अण्णा थोडा वेळ घेतात आणि विचारतात, “पुढच्या वर्षी गणपती कधी आहेत गं?”

सून मोबाईलवर पाहून “पंचवीस ऑगस्ट” असे सांगते, आणि पूल उतरेपर्यंत गाडीत कोणीच कोणाचे मत खोडत नाही.