अर्जुन रडतेय

सदाशिव पेठेतलं बारसं. कुंची घातलेला वरवंटा पाळण्याखालून फिरवून झाला, आत्याने वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि जाहीर केलं: अर्जुन. पाळण्यात मुलगी होती. घुगऱ्यांची वाटी एका आजींच्या हातात तशीच थांबली. ‘‘आता अर्जुन रडतोय म्हणायचं, की रडतेय?’’ पुण्यात भावनेआधी व्याकरण दुखावतं.

आईबाबांचं म्हणणं, नावाला कसलं आलंय लिंग! कबूल. मग थोरल्याचं नाव सुभद्रा का नाही ठेवलं, असं कुणीतरी विचारलं. लगेच पेढे फिरले.

तसं बाईच्या नावात पुरुषाचं नाव आपल्याकडे नवं नाही. आधी मधोमध वडील, लग्नानंतर नवरा. आईला सरकारी कागदावर वडिलांच्या आधी जागा मिळाली ती १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या वेळी. आता पहिल्या नावाची तेवढी जागा बाईकडे उरली होती, तीही अर्जुनाने घेतली.

शेजारच्या साताऱ्यात २०११ मध्ये ‘नकुशी’ म्हणून वाढलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. तिथे मुलगी नको होती, ते नावातच सांगून टाकलं होतं. इथे मुलगी हवी आहे, फक्त ‘आमचा मुलगाच आहे हो’ म्हणण्याची सोय ठेवून.

निघताना आजी पुटपुटल्या, ‘‘अर्जुनसुद्धा बृहन्नडा झाला होता, पण वर्षभरच. हिला जन्मभर निभवायचंय.’’