मापाची आक्का

कोगनोळीत गल्लीगल्लीला एक मापाची आक्का असते. आमच्या गल्लीतल्या आक्काची ओळख म्हणजे तिची पितळी वाटी, एका अंगाला पोचा आलेली. शंकरपाळी असो की बाळंतिणीचे लाडू, सगळं त्या पोच्यासकट मोजलेलं.

दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून भाचीचा फोन येतो. तिच्याकडं ग्रॅम दाखवणारा इवलासा काटा आहे.

"आक्का, चकलीच्या भाजणीला तांदूळ किती ग्रॅम?"

"चार मापटी. हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक."

"मापटं म्हणजे किती?"

"दोन चिपटी."

"आणि चिपटं?"

"अर्धं मापटं की गं!"

पुढं दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली अशी ती वरच चढत जाते. ग्रॅमकडं उतरायचं नाव नाही. त्यात शेरही दोन. तोलायचा ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे 933 ग्रॅमचा. मापायचा वेगळाच, आणि त्यात काय भरलंय त्यावर त्याचं वजन. दोष आक्काला तरी काय द्यायचा? 1 नोव्हेंबर 1956 ला गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून देशात किलो यायला लागला. दोन वर्षांत राज्य बदललं, तराजू बदलला. फडताळातली वाटी तेवढी जागची हलली नाही.

वजनावर तिचा मुळीच विश्वास नाही. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात वाढलेल्या बाईचा असायचा तरी कसा? दव पडलं की तंबाखू वजनात चढते, उन्हं तापली की उतरते, हे तिनं परकर नेसायच्या वयात पाहिलंय. "काटा फितूर हुतोय," ती म्हणते, "वाटी न्हाई."

वाटीही काही कमी नाही म्हणा. शिगेची, सपाट आणि शेजारीण उसनं मागायला आली की भरायची, असे तिचे तीन प्रकार मी स्वतः पाहिलेत. चाळलेली कणीक आणि चेपलेली कणीक यांचं तर एका वाटीत कधीच जमत नाही.

पण एकदा भाचीनं विचारलं, "शंभर ग्रॅम म्हणजे किती वाट्या?" तेव्हा आक्कानं उलट विचारलं, "कशाचं? साखरंचं का मैद्याचं?" मी गप्पच झालो. दुकानातल्या 240 मिलिलिटरच्या कपात साखर 200 ग्रॅमच्या आसपास बसते, मैदा जेमतेम सव्वाशे. एवढी अक्कल त्या काट्याला नाही.

गेल्या दिवाळीत भाचीनं वाटीच पुण्याला पळवली. परवा आक्कानं तिला फोन लावला. आवाज जरा पडलेला होता.

"त्या वाटीत कणीक भरून काट्यावर ठेव बघू. किती गिराम भरतीय?"

तिकडून भाची म्हणाली, "शिगेची की सपाट?"