आधी डीएनएस, मग नाव

डोमेनच्या प्रवासाची पहिली मौज म्हणजे प्रवासी जागचा हलत नाही. ‘.कॉम’चं नाव एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे गेलं तरी त्याची नोंद व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीच्या दप्तरात होती तिथेच राहते. बदलतो तो फक्त कारभारी. थाट मात्र परदेशवारीचा. नाव नुकतंच नोंदवलेलं असेल तर पहिले ६० दिवस सरहद्द बंद. पुढे कुलूप काढा, ऑथ कोड नावाचा पासपोर्ट मिळवा आणि जुन्या रजिस्ट्रारच्या मौनासमोर पाच दिवस बसा. तो काहीच बोलला नाही तर होकार धरला जातो! आपल्या सरकारी कचेऱ्यांनी मौनाचा हा अर्थ मान्य केला, तर अर्धा महाराष्ट्र आठवड्यात मार्गी लागेल. इतकी सुखाची वाट असूनही लोक हरवतात, कारण याच तिकिटावर ते नावाचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसलाही गाडीत कोंबतात. हे दोन प्रवास आहेत. आधी डीएनएस हलवावा, तो पोचल्याची खात्री करावी, आणि मगच नावाला निरोप द्यावा.

यावर घाईचा माणूस विचारेल, एका रात्रीत दोन्ही का नकोत? कारण नाव नव्या घरी गेलं तरी नोंदीत डीएनएसची उत्तरं देणारे नेमसर्व्हर जुनेच राहतात, आणि गिऱ्हाईक गेलं म्हणताच फुकटची डीएनएस सेवा बंद करणारे रजिस्ट्रार कमी नाहीत. मग नाव सुखरूप, पण पत्ता सांगणारा कुणी नाही. ‘नवी कंपनी रेकॉर्ड आपोआप आणते’ हा दिलासाही अर्धाच. तुमची सगळी नावं सांगा म्हटल्यावर डीएनएस परक्याला यादी देत नाही; म्हणून ती कंपनी ‘मेल’सारखी नेहमीची नावं अंदाजाने विचारते आणि ईमेलच्या सहीचं, आडवळणी नावाचं डीकेआयएम रेकॉर्ड बऱ्याचदा मागे राहतं. वेबसाइट झोकात उघडते, पत्रं गुपचूप स्पॅममध्ये जातात. जुनी यादी स्वतः उतरवून घ्यावी, हे बरं.

जाणकार म्हणतील, टीटीएल, म्हणजे उत्तर जपून ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणला की काम झालं. आपल्या रेकॉर्डपुरतं ते खरं, तेही जुनी मुदत सरल्यावर. पण नेमसर्व्हर कोणते हे सांगताना ‘.कॉम’चे सर्व्हर १,७२,८०० सेकंदांची मुदत देतात, म्हणजे पूर्ण दोन दिवस. बदलाच्या मिनिटभर आधी ज्या रिझॉल्व्हरने, म्हणजे आपल्यासाठी पत्ते विचारून आणणाऱ्या सर्व्हरने, उत्तर नेलं, तो तेवढा काळ जुन्याच दारावर थाप मारू शकतो. आपल्या मोबाइलवर नवी साइट दिसली याचा अर्थ एवढाच, की आपल्या रिझॉल्व्हरला नवं उत्तर मिळालं. डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरची सही, लावलेलं असेल तर त्या सहीची खूण सांगणारं जुनं डीएस रेकॉर्ड आधी काढून त्याचीही मुदत सरू द्यावी. नाहीतर सही तपासणारे रिझॉल्व्हर नव्या उत्तराला तोतया ठरवतात.

शेवटचा आक्षेप पैशाचा: तोवर दोन्हीकडची बिलं भरायची? भरायची. जुन्या कंपनीचं एका महिन्याचं बिल वाचवायला निघालेला माणूस सहसा तिच्याच हेल्पलाइनवर तास घालवतो, आणि तिथे मौन म्हणजे होकार हा नियम लागू नसतो.