कडप्पा घाट चढत नाही

शाळेच्या बसच्या खिडक्यांना आडवे गज असतात. मुलांनी हात-डोकी बाहेर काढू नयेत म्हणून. ते कापायचे की ठेवायचे यावर घरात बरीच चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे काहीच न ठरल्यामुळे गज राहिले. भोरमध्ये पिवळ्या गाडीत गजांआड बसलेली आम्ही पाच माणसं पाहून चहावाल्यानं सहानुभूतीनं विचारलं, "तारीख कुठल्या कोर्टात आहे?"

एका शाळेनं काढून टाकलेली ही जुनी बस मी घेतली, ती तिचं फिरतं घर करायला. वय पंधराच्या पुढे, म्हणजे पुनर्नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर. आतली आसनं काढून पलंग टाकायचा, तर मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाखाली आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद. ही सगळी कागदपत्रं मी इतक्या निष्ठेनं केली की इंजिन बघायचं राहूनच गेलं. मेहुणा म्हणाला, "भावोजी, आधी तो स्पीड गव्हर्नर काढून टाका." वेगाला आवर घालणाऱ्या त्या यंत्राला आमच्याकडे आल्यापासून एकदाही काम पडलेलं नाही.

आतली रचना हा माझा प्रांत. अशा गाड्यांचे व्हिडिओ मी रात्र रात्र पाहिले होते. त्यात लोक पातळ प्लायवूडचा ओटा करतात. मला ते भातुकलीसारखं वाटलं. मी कडप्पा बसवला. पाच बाय दोन फुटांची, एक इंच जाडीची लादी साठ किलोच्या पुढे जाते. खाली आधाराच्या उभ्या लाद्या वेगळ्या. छतावर तीनशे लिटरची काळी टाकी, म्हणजे नुसत्या पाण्याचेच तीनशे किलो. ओट्यामुळे गाडी उजवीकडे कलली, तेव्हा तोल साधायला डावीकडे लोखंडी कपाट ठेवलं. गाडी सरळ झाली आणि तिचे पाटेही सरळ झाले. पाट्यांना बाक असावा लागतो हे मला नंतर कळलं. गवंडी जाताना "टाइल्स पण मारू का?" असं चेष्टेनं म्हणाला. मी दोन ओळी मारून घेतल्या.

भोर सोडल्यावर नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेनं जाणारा रस्ता फार सुंदर आहे, असं मुलगी सांगते. मी त्या वेळी तापमानाच्या काट्याकडे बघत होतो. डिझेलच्या काट्याकडे बघण्यात अर्थ नव्हता. तो शाळेच्या काळापासूनच अर्ध्यावर आहे. वरंधा घाटात वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या लागतात. तिथं गाडी स्वतःहून थांबली. सगळ्यांना वाटलं, मी भज्यांसाठी थांबवली. मीही लगेच काही बोललो नाही.

एका मोटारसायकलवाल्याच्या पाया पडून कॅनमधून डिझेल मागवलं. पण डिझेल इंजिनात नुसतं डिझेल ओतून भागत नाही. टाकी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते आणि आधी ती 'एअर' काढावी लागते. फिल्टरजवळचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, आणि बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा. मी पंप मारत होतो, मेहुणा बुडबुड्यांवर नजर ठेवून होता.

"अजून येतायत का रे?"

"येतायत, भावोजी. मारा."

बऱ्याच वेळानं मान वर केली, तर त्याच्या हातात कांदाभज्यांची प्लेट होती आणि डिझेल बुटांपर्यंत आलं होतं.

महाडकडचा उतार मी सुखाचा समजत होतो. टपरीवरच्या ट्रकवाल्यानं बजावलं होतं, "ज्या गिअरला चढवाल त्याच गिअरला उतरवा, नुसत्या ब्रेकवर सोडू नका." पण आपल्या गाडीला कुठला गिअर झेपतो, हे चढताना मी नीट पाहिलेलंच नव्हतं. निम्म्या उतारावर आई म्हणाली, "कुणाचं तरी दूध करपतंय." दूध नव्हतं, ब्रेकचे लायनर होते.

पोलादपूर सोडलं की कशेडी. तिथला बोगदा सुरू होण्याआधीची ही गोष्ट. पहिल्या गिअरमध्ये गाडी इतकी हळू जाते की रेडिएटरला पुढून वारा मिळत नाही, इंजिन मात्र सगळ्या ताकदीनिशी ओढत असतं. त्यात पंख्याचा पट्टा सैल. वाफा निघाल्या. मेहुणा झाकण उघडायला धावला, त्याला शर्टाला धरून मागे खेचलं. बंद रेडिएटरमध्ये दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी दबून असतं. झाकण फिरवलं की तोंडावर येतं. निवेपर्यंत थांबणं हाच उपाय.

पाण्याची मात्र मला काळजी नव्हती. छतावर तीनशे लिटर होतं. मी रुबाबात बादली धरून नळ सोडला. नळ खोकला. टाकीचा पाइप वरंध्याच्या वळणांवरच निसटला होता आणि सगळं पाणी गाद्यांनी पिऊन टाकलं होतं. गाद्या पिळून रेडिएटर भरायची सूचना मुलीनं केली; तिला रागावण्याच्या अवस्थेत मी नव्हतो.

मागून एसटी आली. ड्रायव्हरनं आपणहून थांबून पाण्याचा कॅन दिला, धक्का द्यायला पाच-सहा प्रवासी उतरवले आणि सहज आत डोकावला.

"हा कडप्पा आहे?"

"हो."

"खरा?"

"हो."

तो प्रवाशांकडे वळून म्हणाला, "चढा वर. हे आपल्याच्यानं व्हायचं नाही."

पट्टा आवळून, पाणी भरून, आम्ही चौघं खाली उतरलो आणि घाट पायी चढायला लागलो. मेहुणा गाडी चालवत मागून येत होता. आई पुढे होती. तिला गुडघ्याचा त्रास आहे.

खेडला पोचेपर्यंत सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटला होता. मिस्त्रीनं ऑइलची पट्टी बाहेर काढली तर ऑइल दुधाळ झालेलं. हेड गॅस्केट गेलं की पाणी ऑइलमध्ये उतरतं, त्याची ही खूण. "हेड उतरवायला लागेल, काका," तो म्हणाला. मग आत बघून म्हणाला, "पण आधी स्वयंपाकघर उतरवा."

ओटा उतरत नाही. सिमेंटमध्ये बसवला आहे. गाडी टोचन करून जवळच मामांच्या अंगणात नेली, ती अजून तिथंच आहे. छतावर मामीची आमसुलं वाळत असतात, पलंगावर मामांची दुपारची झोप होते. गज फार कामाचे निघाले. माकडं आत येत नाहीत. गेल्या खेपेला मामीनं त्या ओट्यावर नारळ खवता खवता माझं मनापासून कौतुक केलं.

"ओटा अगदी झकास केलास हो. पण त्याला गाडी कशाला लावलीस?"