अठ्ठावीस फुटी संसार

न्यूअर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला विमान सहा-साडेसहा तासांत नेऊन सोडतं. मुलीकडे जायची एवढी सरळ सोय असताना भाड्याच्या आरव्हीत बसून, रोज अडीच-तीनशे मैल कापत अख्खा देश आडवा ओलांडायचा बेत मी फोनवर सांगितला, तेव्हा मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, आईला विचारलंत?" आईला विचारलं होतं. आईनं एकच प्रश्न केला होता, "स्वयंपाकघर आहे का त्यात?" आहे म्हटल्यावर तिनं कागद-पेन्सिल घेतली आणि यादी करायला बसली. बेत तिथेच माझ्या हातून गेला.

ज्यांनी आरव्ही पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे ट्रकचं तोंड आणि मागे बिऱ्हाड. आमची अठ्ठावीस फूट लांब आणि जवळजवळ बारा फूट उंच होती. आत तीन शेगड्या, फ्रिज, मायक्रोवेव्ह, संडास-बाथरूम, रात्री पलंग होणारं जेवणाचं टेबल आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा. ही चालवायला वेगळं लायसन्स लागत नाही. जन्मभर कॅमरी चालवलेल्या निवृत्त इंजिनिअरला साध्या लायसन्सवर किल्ली मिळते. गाडी देणाऱ्या पोरानं आम्हाला व्हिडिओ दाखवला, सात-आठ ठिकाणी सह्या घेतल्या आणि जाताना बजावलं, "बर्गर घ्यायला ड्राइव्ह-थ्रूत शिरू नका." यावरून आधीच्या गिऱ्हाइकांचा अंदाज आला.

पेट्रोलची टाकी ५५ गॅलनची आणि ॲव्हरेज गॅलनला आठ-नऊ मैल, म्हणजे लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. पंपावर आकडे पळायला लागले की मी पाठ करून समोरची काच पुसायचो. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत आमच्याइतकी स्वच्छ काच कुणाची नसेल.

न्यू जर्सीतल्या टीनेकला सुरू होणारा इंटरस्टेट ८० थेट सॅन फ्रान्सिस्कोत जाऊन संपतो, सुमारे २,९०० मैल. एकच रस्ता, चुकायचं काम नाही. पण डेलावेअर वॉटर गॅपच्या वळणावरच कळलं की घर चालायला लागलं की घरातली एकेक वस्तू बोलायला लागते. कुकरची शिट्टी ताटाशी, पोळपाट परातीशी, मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या आपसात. पेनसिल्व्हेनियातल्या पहिल्याच मोठ्या उतारावर वरचं कपाट उघडलं आणि पोह्यांचा डबा खाली आला.

"अहो, हळू!"

"अगं, पंचावन्नवर आहे मी."

"मग पंचेचाळीसवर या."

मागून येणारा अठरा चाकी ट्रक भोंगा वाजवत होता. ती पोहे भरत होती. हा संवाद पुढे आठ राज्यं चालला. पोहे तर गाडी परत देईपर्यंत सीटखालून निघत होते.

इंडियानातल्या एल्कहार्टला मी मुद्दाम थांबलो. देशातल्या बऱ्याचशा आरव्ही या गावात आणि आसपास बनतात, आणि हमरस्त्याला लागूनच त्यांचं म्युझियम आहे. तिथे मे वेस्ट या नटीसाठी पॅरामाउंट स्टुडिओनं करवून घेतलेली १९३१ सालची शेव्हरोले 'हाउसकार' ठेवलीय. शूटिंगला जाताना बाईंना आराम मिळावा म्हणून चाकांवरची ही खोली. मी तिच्यापुढे बराच वेळ उभा होतो. आमची ही म्हणाली, "हिच्यात स्वयंपाक ती करत नसणार." इतिहासाकडे पाहायची ही एक दृष्टी आहे आणि ती माझ्या दृष्टीपेक्षा तीक्ष्ण आहे.

इलिनॉय मक्यात गेलं. आयोवाही मक्यात जायचं, पण वॉलकॉटला जगातला सगळ्यात मोठा म्हणवणारा ट्रक स्टॉप लागला. तिथे न्हावी आहे, दाताचा डॉक्टर आहे, सिनेमा आहे. एक दाढ काढून, केस कापून, सिनेमा बघून माणूस पुन्हा ट्रकवर चढू शकतो. आम्ही फक्त कॉफी घेतली.

पण प्रवासाचा खरा मासला रस्त्यावर नाही, संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर बघायला मिळतो. तिथे आपल्याला नंबर मिळतो आणि त्या नंबरच्या पट्ट्यात गाडी उलटी घालायची असते. आमच्या हिनं लगेच खाली उतरून मागे उभं राहत, पुण्याच्या बोळांत माणसं करतात तसे दोन्ही हात हलवायला सुरुवात केली. "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..." आरशात ती दिसेनाशी झाली, तरी आवाज येतच होता. मग एकदम, "अहो थांबा!" थांबलो. "का?" "काही नाही, खांब बघत होते. येऊ द्या." आजूबाजूचे गोरे आजी-आजोबा आपापल्या घडीच्या खुर्च्या आमच्या दिशेनं वळवून बसले होते. नवीन गाडी आली की हाच तिथला संध्याकाळचा कार्यक्रम. त्यांच्यातल्या जोडप्यांनी यावर उपाय म्हणून वॉकीटॉकी घेतलेत, पण भांडण वॉकीटॉकीवरही मराठीइतकंच स्पष्ट ऐकू येतं, एवढं मी सांगू शकतो.

एकदा गाडी लागली की कॅम्पग्राउंड म्हणजे चक्क चाळ. दारापुढची चार फूट जागा आपली, पण तिथून जाणारा प्रत्येक जण तुमची चौकशी करणार. कुठून आलात, कुठे निघालात, मुलं किती, गुडघा कधी बदलला. आणि मग पुरुष मंडळी हळूहळू गाडीच्या मागच्या बाजूला जमतात. तिथे नळ्या असतात.

या नळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण प्रवासवर्णनं लिहिणारे हे टाळतात. आरव्हीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी 'ग्रे', म्हणजे सिंकचं आणि आंघोळीचं पाणी. तिसरी 'ब्लॅक', तिच्याबद्दल विचारू नका. दोन-तीन दिवसांनी या टाक्या जाड, घड्यांच्या नळीनं गटाराच्या तोंडाशी जोडून रिकाम्या करायच्या. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे मागून आलेलं साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. ब्लॅकची चावी टाकी दोन-तृतीयांश भरल्याशिवाय उघडायची नाही, आणि रोज थोडी थोडी उघडी ठेवून भागेल असं तर मुळीच समजायचं नाही. पाणी वाहून जातं आणि उरायचं ते आत उरतं. हे मला टेक्सासच्या एका निवृत्त फायरमननं सांगितलं. त्यानं रबरी हातमोजे घातले होते आणि चेहऱ्यावर शास्त्रीबुवांचं समाधान होतं.

घरी चाळीस वर्षं मी फ्लश ओढला आणि विसरलो. इथे मात्र रात्री दोन वाजता बाथरूमला उठायचं तरी आधी भिंतीवरचे दिवे बघतो: टाकी एक-तृतीयांश, दोन-तृतीयांश. निवृत्तांच्या गप्पा पोटावर घसरतात असं म्हणतात. कॅम्पग्राउंडवर त्या टाकीवर घसरतात आणि लाजबीज कुणाला नसते. विजेचंही तसंच. आमची तीस अँपिअरची लाइन. एसी चालू असताना हिनं मायक्रोवेव्ह लावला की अंधार. अंधारात तिचा आवाज, "मी काही नाही केलं." टेक्सासवाल्याची गाडी पन्नास अँपिअरची. त्याच्या खिडकीत एसी, मायक्रोवेव्ह, टीव्ही आणि केसांचा ड्रायर सगळं एकदम चालायचं. आमच्या हिनं त्या खिडकीकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी पूर्वी शेजाऱ्यांचा फ्लॅट टू-बीएचके निघाला तेव्हा पाहिली होती.

साउथ डकोटासाठी आम्ही ८० सोडून इंटरस्टेट ९० धरला. तिथे शेकडो मैल रस्त्याकडेला एकाच दुकानाच्या पाट्या: वॉल ड्रग. गोष्ट खरी मजेशीर आहे. टेड हस्टेड नावाच्या फार्मासिस्टनं १९३१ मध्ये वॉल या बारक्या गावात औषधाचं दुकान घेतलं. गिऱ्हाईक फिरकेना. १९३६ च्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोला, डोरोथीला सुचलं की तापलेल्या रस्त्यावरच्या गाड्यांना बर्फाचं पाणी फुकट द्यावं आणि तशा पाट्या लावाव्यात. त्यानं पाट्या लावल्या आणि दुकानापुढे रांग लागली. आज ते दुकान म्हणजे अख्खा बाजार आहे, पाणी अजून फुकट आहे आणि कॉफी पाच सेंटला आहे. आम्ही पाणी प्यायलो, पाच सेंटची कॉफी घेतली आणि पंचेचाळीस डॉलरचा रेनकोट, काऊबॉय हॅट नि गवा कोरलेला चमचा घेऊन बाहेर पडलो. डोरोथीबाई हुशार होत्या.

बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर मात्र आमचा दिवस होता. वय ६२ पूर्ण असेल आणि नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल, तर ८० डॉलरांत जन्मभराचा सीनिअर पास मिळतो. पुढे सगळी राष्ट्रीय उद्यानं त्यावर. मी खिडकीशी गेलो तर पोरगी म्हणाली, "ओळखपत्र?" मनात आलं, म्हणजे वाटत नाही मी बासष्टचा. आमची ही मागून म्हणाली, "ते नागरिकत्वासाठी मागतायत."

यलोस्टोन १८७२ सालचं, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. गीझर वगैरेचं वर्णन इतरांनी भरपूर केलंय. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासानं उडतो. उडाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. मला लिहायचंय ते फिशिंग ब्रिजबद्दल. वीज, पाणी आणि गटार तिन्ही देणारं त्या उद्यानातलं हे एकच कॅम्पग्राउंड. इथे तंबूला बंदी आहे, भिंती कडक हव्यात, कारण भाग ग्रिझली अस्वलांचा. आणि नाव फिशिंग ब्रिज असलं तरी पुलावर १९७३ पासून मासेमारी बंद. कागद देताना रेंजरनं बजावलं, अस्वलापासून शंभर यार्ड लांब राहा आणि वास येणारं काही बाहेर ठेवू नका.

आमची ही सीकेपी. यादीत सोडे होते. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दुकानातून घेतलेले, दोन पिशव्यांत बांधलेले, तरी इंडियानापासून माझ्या उशीला त्यांचा वास येत होता. त्या संध्याकाळी थंडी पडली आणि हिनं जाहीर केलं, "आज सोड्याची खिचडी." मी रेंजरचा कागद पुढे केला. ती म्हणाली, "बाहेर ठेवू नका म्हटलंय. मी आत करतेय."

खिडक्या बंद. तेलात लसूण पडली, मग भिजवलेले सोडे, मग मसाला. पाच मिनिटांत दारावर धाडधाड. मला वाटलं, आलं अस्वल. बाहेर तोच टेक्सासचा फायरमन, तोही इथे येऊन पोचलेला, हातात पाना. "सर, सिलेंडर बंद करा आणि बाहेर या! तुमचा प्रोपेन गळतोय!" प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून कंपन्या त्यात मुद्दाम घाण वास घालतात, हे त्यानं बारा पावलांवरून ओरडून सांगितलं. आमची ही झारा घेऊन दारात आली. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या सोड्यांना कुणी गॅसगळती म्हटलं नव्हतं. पण आमच्याकडे पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत. त्याला पेपर प्लेटमध्ये खिचडी दिली, वर तूप. त्यानं आधी हुंगली, मग खाल्ली, मग विचारलं, "ही कोळंबी आहे?" आणि बायकोसाठी एक प्लेट घेऊन गेला. अस्वल रात्री आलं नाही. त्यात सोड्यांचा काय हात होता, कोण जाणे.

पुढे आयडाहोतून सॉल्ट लेक सिटी आणि पुन्हा आमचा ८०. युटाच्या मिठाच्या पटांगणात रस्ता इतका सरळ की स्टिअरिंग कशासाठी दिलंय असं वाटतं. नेवाडात एल्कोजवळ कॅलिफोर्निया ट्रेलचं केंद्र आहे. एकोणिसाव्या शतकात बैल जोडलेल्या गाड्यांतून माणसं याच वाटेनं पश्चिमेला गेली, खरं तर गाडीत सामान आणि माणसं पायी. बैल दमले की वाटेत कपाटं, शेगड्या, पेट्या टाकून द्यायची. हे वाचून मी परातीकडे सूचक पाहिलं. हिनं दुसरा फलक वाचून दाखवला: १८४६ मध्ये डोनर मंडळींनी शॉर्टकट घेतला, आठवडे वाया घालवले, सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकली; जवळजवळ निम्मी गेली आणि उरलेल्यांतल्या काहींनी काय खाल्लं ते इथे लिहीत नाही.

त्या दिवसापासून जीपीएसनं कुठेही जवळची वाट सुचवली की बाजूनं एकच शब्द यायचा, "डोनर." ट्रकीजवळ डोनरांचं स्मारक आहे, त्याचा चौथरा २२ फुटांचा, त्या हिवाळ्यात तिथे साचलेल्या बर्फाइतका उंच. तिनं त्याच्यापुढे माझा फोटो काढला.

मुलीच्या सोसायटीत रात्रभर आरव्ही लावू देत नाहीत, तेव्हा अर्ध्या तासात चहा पिऊन गाडी परत करायला निघालो. भाडं, पेट्रोल, कॅम्पग्राउंड सगळं धरून हिशेब केला: तेवढ्या पैशांत दोघांचं विमान, बऱ्यापैकी हॉटेल आणि रोज बाहेर जेवण झालं असतं, वर पैसे उरले असते. तरीही ज्यांचे गुडघे ब्रेक दाबण्याइतके शाबूत आहेत त्यांनी जावंच, शक्यतो सप्टेंबरात, शाळा सुरू झाल्यावर. फिशिंग ब्रिजची जागा कित्येक महिने आधी धरून ठेवा. आणि कुठलंही कॅम्पग्राउंड बुक करताना 'पुल-थ्रू' जागा मागा, म्हणजे एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघता येतं, गाडी उलटी घालावी लागत नाही. थोडे डॉलर जास्त पडतात. द्या.